आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी : एका हौशी ट्रायथलीटच्या हंगामाची तपासणी

ताई आल्या त्या निदान बरोबर घेऊनच. "सर, माझं रनिंगच कच्चं आहे. पुढचं वर्षभर फक्त त्याच्यावर काम करू." नोव्हेंबर २०२४, दिवाळी नुकतीच संपलेली. गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे लागोपाठ १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, २७ ऑक्टोबरला झाली होती आणि तिथे शेवटचे सहा किलोमीटर त्या जवळजवळ चालतच आल्या होत्या. हंगामातल्या आधीच्या दोन शर्यतींतही शेवट असाच झाला होता. तिन्ही वेळा गाडी धावण्यात अडकली, म्हणजे दोष धावण्यात, इतकं सरळ गणित.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण असंच गणित मांडून येणारे हौशी ट्रायथलीट मला प्रशिक्षक म्हणून दर दिवाळीनंतर भेटतात. ताईंची लिहायला हरकत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे त्यांच्या घड्याळातले आहेत, थोडे गोळाबेरीज करून घेतलेले.

व्यक्ती आणि वर्ष

वय ४२, वजन ५८ किलो. चार्टर्ड अकाउंटंट, सदाशिव पेठेत स्वतःचं ऑफिस, राहायला कर्वेनगरात. घरी नवरा, नववीतला मुलगा, सासूबाई. शाळेत खो-खो खेळलेल्या, मग वीस वर्षं काही नाही. पस्तिशीनंतर तळजाईवर धावायला लागल्या, लॉकडाउननंतर सायकल घेतली आणि पोहायला शिकल्या त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, टिळक तलावात. पोहण्याबद्दल इथेच संपवतो. त्या सावकाश पोहतात, पण घाबरत नाहीत, आणि अरबी समुद्रात १.९ किलोमीटरला त्यांनी ४८ मिनिटं घेतली. ७० मिनिटांच्या मर्यादेत हे आरामात बसतं. खुल्या पाण्याचा सराव पुण्यात अवघडच. खडकवासला हे शहराचं पिण्याचं पाणी, तिथे उतरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यांचा हंगाम पाण्यात बिघडला नाही.

२०२४ ची सुरुवात चांगली झाली. २१ जानेवारीला मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी मॅरेथॉन २ तास ४ मिनिटांत. फेब्रुवारीत कोल्हापूरला ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. नुसतं दहा किलोमीटर त्या ५४ मिनिटांत धावतात, तिथे ६३ लागली. जूनमध्ये पुण्याजवळ एक छोटी ड्युएथलॉन झाली. धावणं, सायकल, पुन्हा धावणं. दुसरं धावणं पहिल्यापेक्षा किलोमीटरला मिनिटभराहून जास्त हळू.

इथे ताईंनी बंब बोलावला. सायकलचा आठवड्यातला एक दिवस काढून तिथे वेताळ टेकडीवरचे चढ घातले, रविवारचं लांब धावणं चोवीस किलोमीटरपर्यंत नेलं. ऑगस्टमध्ये डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, फिजिओथेरपिस्टने दोन आठवडे धावणं बंद केलं. नडगी बरी झाली. गोव्यात पुन्हा तेच.

गोव्याचे आकडे असे. पोहणं ४८ मिनिटं, ९० किलोमीटर सायकल ३ तास ९ मिनिटं, २१.१ किलोमीटर धावणं २ तास ४९ मिनिटं, कपडे-बूट बदलण्याच्या दोन थांब्यांना मिळून ११ मिनिटं. एकूण ६ तास ५७ मिनिटं. साडेआठ तासांच्या मर्यादेत मेडल मिळालंच, फोटोही चांगले आले. ताईंना साडेसहा हवे होते.

पहिला संशयित सुटतो

धावणं खरंच कच्चं असेल तर ते एकटं असतानाही कच्चं दिसायला हवं. मुंबईत पेडर रोडचा चढ धरून २ तास ४ मिनिटं धावलेल्या बाईंना कच्चं म्हणणारा मी कोण? सायकलवरून उतरून धावताना वेळ वाढतोच. पाय जड असतात, ऊन चढलेलं असतं. आमच्या अनुभवात, शर्यत नीट हाताळली तर ही वाढ दहा-पंधरा मिनिटांची असते, गोव्याच्या दमट उन्हात वीस धरा. ताईंची पंचेचाळीस मिनिटं होती.

माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली ती एक शेजारची तुलना. त्याच दिवशी आमच्या गटातले एक शिक्षक धावले, वय ५१, नुसती अर्धी मॅरेथॉन २ तास १२ मिनिटं, म्हणजे ताईंपेक्षा संथ. त्यांनी सायकलला ३ तास २४ मिनिटं लावली आणि धावले २ तास २७ मिनिटांत. सायकल-धावण्याची बेरीज शिक्षकांची ५ तास ५१, ताईंची ५ तास ५८. सायकलवर ताईंनी पंधरा मिनिटं कमावली आणि धावताना बावीस घालवली. लोकांचे हिशेब तपासणाऱ्या बाईंना ही बेरीज कागदावर मांडून दाखवली, तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण मला सायकलवर दमल्यासारखं वाटतच नव्हतं."

नसणारच. प्रकरणाची गोम तिथेच आहे.

सायकलवर काय झालं

ताईंकडे पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरचा जोर मोजणारं यंत्र, नाही; छातीचा हार्ट रेट पट्टा आहे. सायकलवरचा त्यांचा थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर जेमतेम टिकवता येईल असा जोर, मिनिटाला १६० ठोक्यांच्या आसपास येतो. तीन तास सायकल चालवून पुढे दोन तास धावायचं असेल तर हौशी माणसाने त्याच्या ८५ ते ९० टक्क्यांत राहावं, म्हणजे १३६ ते १४४. गोव्यात त्यांचे पहिले तीस किलोमीटर सरासरी १५५ ठोक्यांवर गेले. वेग ताशी ३०.५. पुढचे तीस १५२ वर, वेग २८.९. शेवटचे तीस १४८ वर आणि वेग २६.६.

वेग आणि ठोके दोन्ही एकत्र उतरत गेले. नुसती उष्णता बाधली असती तर उलटं दिसलं असतं. उन्हात रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकतं आणि ती कसर ठोके वाढवून भरून काढतं. वेग तोच, पण ठोके चढत जातात. धावतानाही ताईंचं तसं झालं नाही. पहिले पाच किलोमीटर ६:१० च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद, ठोके १६२. दहापर्यंत ६:५५ आणि १५६. त्यानंतर ८:४०, आणि शेवटी चालत ९:५०, ठोके १३८. हृदयाला अजून वाव होता. संपलं होतं ते पायांतलं इंधन.

शरीरात साठवलेली साखर फार नसते. स्नायू आणि यकृत मिळून ताईंच्या बांध्याच्या माणसात चारशे ग्रॅमच्या आसपास धरा. हळू चालवलं तर चरबी बराच भार उचलते. जोर थ्रेशोल्डजवळ गेला की शरीर बहुतांश साखरेवर चालतं. वर पोटाचीही गोष्ट आहे. जोर जास्त असला की रक्त पायांकडे आणि कातडीकडे जातं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं, आणि खाल्लेलं तसंच पडून राहतं. म्हणजे जो जास्त जोर लावतो त्याची साखर लवकर संपते आणि नवी आत जायची वाटही अरुंद होते. म्हणूनच सायकलवरचा जोर आणि सायकलवरचं खाणं ही दोन वेगळी कारणं म्हणून मोजू नयेत.

खाल्लं काय, विचारलं. दोन जेल (साखरेच्या दाट पाकाच्या पुड्या) आणि अर्धं केळं, तीन तासांत. पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे जेल धरले तर सगळी मिळून पासष्ट ग्रॅमच्या आत साखर, तासाला वीस. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला साठ ग्रॅमपर्यंत घेतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्ही मिळून सराव असलेला माणूस नव्वदपर्यंतही जातो. ताईंना नव्वद नकोच होते, पण तीन तासांच्या सायकलनंतरची अर्धी मॅरेथॉन वीसवर निभावणं अवघडच.

पाण्याचंही तेच. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच हॉलमध्ये, पंखा बंद, खिडक्या लावून, सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, तासभर चालवायला लावली. आधी आणि नंतर वजन. ९०० ग्रॅम कमी झालं आणि मधे ४०० मिलिलिटर प्यायल्या होत्या, म्हणजे घाम तासाला १.३ लिटर. (सासूबाई दारात उभ्या राहून हा प्रकार बघत होत्या. "एवढा घाम लादी पुसून पण येतो" असं त्यांचं मत पडलं.) गोव्यात ताई पाऊण लिटरच्या तीन बाटल्या प्यायल्या, तासाला ७०० मिलिलिटर. सायकलवरून उतरतानाच जवळपास दोन लिटरची तूट, वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त. दोन टक्क्यांच्या पुढे उन्हात कामगिरी घसरायला लागते, हे पुस्तकी आहे आणि प्रत्यक्षातही तसंच दिसतं. शिवाय तिन्ही बाटल्यांत साधं पाणी. मेडिकलच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी पर्समध्ये होती, पण पर्स हॉटेलवर.

पोह्यांचा प्रश्न

आता हे सरावात का दिसलं नाही? माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात पुणेरी भाग हाच.

पुण्यात सायकल चालते ती गटाने, आणि गट निघतो तो नाश्त्यासाठी. पहाटे चांदणी चौकात जमायचं, पौड ओलांडून मुळशी, उत्साह असेल तर ताम्हिणीच्या तोंडापर्यंत. किंवा खडकवासल्यावरून पानशेत. किंवा नुसतं डोणज्यापर्यंत जाऊन सिंहगडाकडे बघून परत. जाताना सगळे छाती फुटेस्तोवर दामटतात, कारण स्ट्राव्हा या ॲपवर प्रत्येक चढाची यादी आहे आणि त्या यादीत कालपर्यंत वर कोण होतं ते सगळ्यांना पाठ असतं. मग टपरी किंवा हॉटेल. पोहे, मिसळ, दोन कटिंग, पाऊण तास गप्पा. मग परत.

ताईंच्या नोंदींत ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या भरपूर राईड्स आहेत. उघडून बघितल्या तर एकही सलग नाही. पंचेचाळीस किलोमीटर जोरात, भरपेट पोहे आणि विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस. म्हणजे त्यांनी वर्षभर सराव केला तो लागोपाठच्या दोन छोट्या शर्यतींचा, मध्ये जेवणाच्या सुट्टीसह. पहिल्या तीस किलोमीटरांत १५५ ठोके त्यांना दमणूक वाटली नाही, कारण दर रविवारी पहिले तीस असेच जात होते. फरक इतकाच की गोव्यात पंचेचाळिसाव्या किलोमीटरला पोहे नव्हते.

आणि सायकलवर खायची हातांना सवयच नव्हती. खायचं टेबलाशी. चालत्या सायकलवर बाटली काढायची म्हणजे पुण्यात एक हात सोडायचा, आणि पुढे गतिरोधक आहे की खड्डा, का दोन्ही, हे त्या क्षणापर्यंत कळत नाही. त्यामुळे ताई पाणी प्यायच्या त्या सिग्नलला किंवा थांब्यावर. गोव्यात रस्ता बंद केलेला, सिग्नल नाही, थांबा नाही, तर पाणीही नाही. इतकी साधी गोष्ट कोणत्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेली नसते.

आणखी एक: राईड संपली की धावायला कोणीच जात नाही. पोटात मिसळ असताना कोण धावेल? सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, ताईंच्या अख्ख्या पावसाळ्यात जवळपास नव्हताच.

पावसाळ्याने आणखी एक गोष्ट झाकून ठेवली. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुणेरी पहाटेत बावीस अंशांना घाम कोणाला दिसतो? गोव्यात उन्हं वर आल्यावर तीस-बत्तीस अंश आणि अंगाला चिकटणारी हवा. उष्णतेला शरीर सरावायला दहा-चौदा दिवस लागतात, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो. हे पुण्यातही करता येतं, बंद खोलीत ट्रेनरवर किंवा दुपारच्या सावकाश धावण्याने. मात्र त्यासाठी ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे मोकळे लागतात.

मुदत

ते मोकळे नव्हते. ट्रेनिंग प्लॅन इंटरनेटवरून घेतलेला, शर्यतीपासून मागे मोजत आखलेला. ऑफिसचं कॅलेंडर वेगळ्या कोणीतरी आखलेलं. ३१ जुलै वैयक्तिक विवरणपत्रांची तारीख. त्याआधी सहा दिवस, २५ जुलैला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या काही सोसायट्यांत ते शिरलं. ताईंचे दोन अशील त्याच भागातले, कागद भिजलेले. मग ७ ते १७ सप्टेंबर गणपती. ३० सप्टेंबर टॅक्स ऑडिट रिपोर्टची तारीख. ती २९ तारखेला वाढवून ७ ऑक्टोबर करण्यात आली.

बाहेरच्याला वाटेल, मुदत वाढली, बरं झालं. ज्याने कधी सीएच्या ऑफिसात सप्टेंबर काढलाय त्याला विचारा. वाढीव मुदत म्हणजे वाढीव जागरण. जे अशील तीसला कागद आणणार होते ते सहाला आणतात. ताईंच्या घड्याळात सप्टेंबरची झोप रोज सरासरी पाच तासांच्या थोडी वर दिसते, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याहून कमी. सकाळचे विश्रांतीतले ठोके, एरवी ५२, त्या आठवड्यात ६० वर. शरीर ओरडून सांगत होतं.

आणि प्लॅन म्हणत होता, सगळ्यात जड आठवडे हेच. ताईंनी तो प्लॅन पाळला, कारण त्या काहीही पाळतात. रात्री एकला ऑफिसमधून येऊन पहाटे पाचला वेताळ टेकडी. शर्यतीआधीची विश्रांती, टेपर, तीही पूर्ण मिळाली नाही, कारण २८ ऑक्टोबरला वसुबारस. म्हणजे पणजीला निघण्याआधी चकलीची भाजणी दळून आणून ठेवायची होती.

झोपेचा वाटा किती, सायकलवरच्या जोराचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण हंगामातल्या तिन्ही शर्यतींत धावणं पडलं, आणि फेब्रुवारी-जूनमध्ये ऑफिसचं ओझं तुलनेने हलकं होतं. कोल्हापूरला सायकलचे चाळीस किलोमीटर १५९ ठोक्यांवर गेले होते. जोर हा कायमचा दोष आणि सप्टेंबर त्याच्यावरचं व्याज, अशी माझी मांडणी आहे. ताईंना पहिली गोष्ट पटली. दुसरीवर त्या अजूनही म्हणतात, "झोप काय सर, कोणालाच पुरत नाही."

पुढे काय केलं

धावण्यात एक किलोमीटरही वाढवला नाही, उलट चोवीस किलोमीटरचं रविवारचं धावणं अठरावर आणलं. नडगीचा प्रश्न परत आला नाही.

सायकलला दोन रविवारांतून एकदा गटाबाहेर काढलं. एकटीने, सलग, न थांबता. पहिल्या तासात १४२ च्या वर ठोके गेले तर हलका गिअर. पहिल्या वेळी भूगावच्या चढावर भाजीच्या पिशव्या लटकवलेली एक मोपेड फटफट आवाज करत पुढे गेली, तेव्हा उतरून सायकल टेम्पोत टाकावीशी वाटली म्हणाल्या. घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर. गजर वाजला की तोंडात काहीतरी गेलंच पाहिजे: बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा, तासातून एकदा जेल. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साखर-मीठ-लिंबाचं पाणी. बाटली न बघता काढणं-ठेवणं पाषाण तलावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे शिकल्या, एक बाटली आणि बाटली ठेवायचा एक पिंजरा मोडून. राईड संपली की पंधरा मिनिटं धावायचं, मग पोहे. पोहे बंद करायला सांगण्याइतका मी धीट नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी अर्ध्या अंतराची एक शर्यत केली. सायकल ३ तास १८, पहिल्या तीस किलोमीटरांत सरासरी १४१ ठोके. तासाला पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर, शेवटच्या तासात मळमळ, तिथे एक जेल चुकवला. धावणं २ तास २२ मिनिटं. शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचांपेक्षा जेमतेम वीस सेकंदांनी हळू, किलोमीटरमागे.

हे सगळं नव्या पद्धतीचं यश, असं लिहिणं मला सोयीचं आहे, पण तसं लिहिता येत नाही. फेब्रुवारीची हवा कोरडी आणि गार होती, गोव्याशी तिची तुलना नाही. आणि जानेवारी-फेब्रुवारीत ताई रोज सहा-सात तास झोपत होत्या. घाम तासाला १.३ लिटर असणाऱ्या माणसाची खरी परीक्षा दमट हवेतच होते, आणि ती अजून झालेली नाही. मळमळीचंही कारण नक्की नाही. ओआरएस आणि जेल एकाच वेळी घेतले की पोटात फार गोड होतं असा माझा अंदाज आहे, त्यावर एप्रिलच्या उन्हात ट्रेनरवर प्रयोग करून बघितले. जेलबरोबर साधं पाणी आणि खजुराबरोबर ओआरएस, अशी जोडी त्यातल्या त्यात बरी चालली.

गोव्याला २०२५ मध्ये जायचं की नाही यावर बराच खल झाला. शर्यत ९ नोव्हेंबरला, तेव्हा ऑडिट संपलेलं असेल असा ताईंचा युक्तिवाद होता. मी नको म्हटलं, नवराही नको म्हणाला, सासूबाई म्हणाल्या जाऊ दे की तिला. शेवटी नाव दिलं नाही. त्या वर्षी ऑडिट रिपोर्टची मुदत आधी ३१ ऑक्टोबर झाली आणि मग १० नोव्हेंबर.